पंडिता रमाबाई आणि आमच्या मंडळ्यांतील भगिनीसमाज

ख्रिस्ती मंडळीत स्त्रियांचा निराळा समाज कशासाठी असावा, हा प्रश्न आमच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील लहान लहान मंडळ्यांत वरचेवर निघत असतो. नाताळात उपासनामंदिर सजवावे, बाहेरगावचे पाहुणे आले असता स्वयंपाक रांधावा, सतरंज्या अंथराव्या, मूठमूठ तांदूळ काढून ठेवून वर्गणी जमवावी, एवढेच त्या समाजाचे काम, असे पुष्कळांस वाटते. ही कामे चांगलीच आहेत. त्यांवाचून मंडळी चालणार नाही. परंतु एवढ्यासाठीच स्त्रियांनी एकत्र जमावयाचे असेल, तर पंचांनी चार बायांस बोलावून काम सांगितले तरी भागेल; समाजाची गरज ती काय? या प्रश्नाचे उत्तर वादाने देण्यापेक्षा एका भगिनीच्या चरित्राने द्यावे, असे आम्हांस वाटल्यावरून पंडिता रमाबाईंची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहो. बाईंचे नाव बहुतेकांस ठाऊक आहे. तथापि त्यांच्या आयुष्यात स्त्रियांच्या एकत्र जमण्याचे महत्त्व किती होते, हे सर्वांच्या ध्यानी आले असेलच असे नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. हे स्थळ हल्लीच्या कर्नाटक राज्यात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोकणस्थ ब्राह्मण, मोठे विद्वान व श्रद्धाळू होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये अशी त्या काळची समजूत असता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, आणि त्याबद्दल लोकांचा रोष सोसला. पुढे त्याच माउलीने आपल्या मुलीला शिकविले. घरदार सुटून हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले, तेव्हा आई पहाटे मुलीला उठवून पाठ देई. पोथीवाचून केवळ कानांनी ऐकून रमाबाईंनी भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत केले. म्हणजे पुढे ज्या विद्येबद्दल जगाने बाईंस गौरविले, ती विद्या त्यांस एका स्त्रीच्या मांडीशी बसून मिळाली होती. आमच्या भगिनींनी ही गोष्ट मनात ठेवावी.

सन १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. मागून खाण्याची या कुटुंबास सवय नव्हती आणि मजुरीचे काम येत नव्हते. थोड्याच महिन्यांच्या अंतराने आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण अशी तिघे गेली. उरली ती रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास. ही दोघे बहुतेक पायीच हिंदुस्थानभर हिंडली. थंडीत पांघरूण नाही, पोटात अन्न नाही, असे दिवस त्यांनी काढले. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. सगळीकडे नाव झाले. परंतु १८८० साली बंधूही वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बंगाली वकील बिपिन बिहारी दास यांच्याशी जातीबाहेर नोंदणीविवाह केला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा ही मुलगी झाली. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. त्या वेळी बाई चोवीस वर्षांच्याही नव्हत्या. आईबाप, बहीण, भाऊ, पती ही सर्व गेली होती, आणि हाती दहा महिन्यांचे मूल होते.

अशा स्थितीत त्या १८८२ साली पुण्यास आल्या. आपल्या दुःखावर पांघरूण घेऊन घरात बसणे त्यांस सहज शक्य होते, आणि विधवेने तसेच करावे अशी लोकांची अपेक्षाही होती. त्यांनी त्याच वर्षी आर्य महिला समाज स्थापिला. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांचा त्यास पाठिंबा होता. रानडे यांच्या पत्नी रमाबाई या तेथे येऊ लागलेल्या स्त्रियांपैकी होत. स्त्रियांनी एकत्र जमावे, वाचावे, बालविवाहासारख्या रूढींविषयी विचार करावा, असा त्या समाजाचा हेतू होता. शिष्ट घरची बाई घराबाहेर सभेला जाते, ही गोष्टच त्या काळी मोठी होती. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे रमाबाईंनी साक्ष दिली, आणि स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर तयार करणे किती अवश्य आहे, हे निर्भयपणे सांगितले.

परंतु वाचकहो, येथे एक गोष्ट पाहावी. सभेस कोण येत? ज्यांच्या घरच्यांनी येऊ दिले त्या. ज्या बालविधवेस उंबरठा ओलांडण्याची मुभा नव्हती, जिला सासरी नको व माहेरी नको अशी अवस्था होती, ती सभेच्या दाराशी कशी येणार? जिच्यासाठी बोलावयाचे तीच सभेबाहेर राहते, हे बाईंच्या ध्यानी आले. तिला आधी निवारा पाहिजे, हा विचार याच काळात त्यांच्या मनात मूळ धरू लागला.

पुण्यात असता मिस हर्फर्ड यांजजवळ त्या इंग्रजी शिकल्या, आणि रेव्हरंड नीळकंठशास्त्री, म्हणजे नहेम्या, गोऱ्हे या विद्वान ख्रिस्ती ब्राह्मणाशी त्यांची धर्मचर्चा होऊ लागली. १८८३ साली वैद्यकीचा अभ्यास करावा या हेतूने त्या इंग्लंडास गेल्या. तेथे वाँटेज गावी अँग्लिकन मंडळीतील स्त्रियांचा एक भगिनीसंघ होता. त्या भगिनींच्या घरी त्या राहिल्या. बहिरेपणामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. पण याच ठिकाणी त्यांच्या आयुष्यास वळण लावणारी गोष्ट घडली, आणि ती आमच्या आजच्या विषयाचे मर्म आहे.

त्या संघातील भगिनींनी रमाबाईंस लंडनमधील फुलहॅम येथील आपले काम पाहावयास पाठविले. समाजाने ज्यांस पतित म्हणून टाकून दिले अशा स्त्रिया तेथे राहत. त्यांस आश्रय देणाऱ्या, आजारात त्यांची शुश्रूषा करणाऱ्या आणि त्यांस पुन्हा सन्मानाने उभ्या करणाऱ्याही स्त्रियाच होत्या. रमाबाई थक्क झाल्या. धर्माची पुस्तके त्यांनी थोडी का वाचली होती? परंतु अशा स्त्रियांवर कोणी दया करावी, त्यांस जवळ घ्यावे, ही गोष्ट त्यांनी पूर्वी कोठे पाहिली नव्हती. असे का करता, म्हणून त्यांनी विचारले असता एका भगिनीने त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची हकीकत सांगितली. विहिरीवर भर दुपारी एकटीच पाण्यास आलेल्या त्या स्त्रीशी प्रभू कसा बोलला, हे ऐकून स्त्रीजातीस उचलून धरणारा तारणारा हाच, अशी बाईंच्या मनाची खात्री होऊ लागली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पंडितांच्या सभेत जिंकणारी ही विदुषी, पण तिचे मन ख्रिस्ताकडे वळविण्यात मंडळीतील काही स्त्रियांच्या मूक सेवेचा केवढा वाटा! गोऱ्हेशास्त्र्यांच्या ज्ञानाचा उपयोग झालाच. त्यांच्या पत्रांनी बाईंच्या पुष्कळ शंका फिटल्या. तथापि ज्ञानाने जो मार्ग दाखविला, त्या मार्गावर चालणारी माणसे त्यांनी फुलहॅमला पाहिली. भगिनीसमाज कशासाठी, याचे उत्तर आम्हांस तरी येथे सापडते. सर्वांनी टाकलेल्या स्त्रीला आपल्यासारख्याच स्त्रियांच्या हातांतून ख्रिस्ताची दया दिसावी, यासाठी तो आहे.

पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात शिकून व शिकवून बाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या. त्यांच्या आप्त डॉ. आनंदीबाई जोशी यांस त्या वर्षी फिलाडेल्फिया येथे वैद्यकीची पदवी मिळाली. तो समारंभ त्यांनी पाहिला. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ साली निघाले. त्यांची व्याख्याने ऐकून बॉस्टन शहरी लोकांनी त्यांच्या कार्यास साहाय्य करण्यासाठी मंडळ स्थापिले. स्वदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे प्रथम आलेल्या विधवांत गोदूबाई होत्या. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

शारदासदनात कोणावर धर्माची सक्ती नव्हती. ज्या मुलीस आपले सोवळेओवळे पाळावयाचे असेल तिला ते पाळता येई. परंतु बाई स्वतः रोज प्रार्थना करीत आणि आपल्या खोलीचे दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात मोठे वादळ झाले. १८९३ साली सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले. अनेक पालकांनी आपल्या मुली नेल्या. बाईंनी दार लावून घेतले नाही, की कोणास आत ओढलेही नाही. दार उघडे ठेवणे वेगळे आणि हात धरून ओढणे वेगळे. आमच्या भगिनी जेव्हा शेजारणीस मदत करितात, तेव्हा ही मर्यादा त्यांनी कसोशीने पाळावी. तांदळाची पायली नेऊन दिली म्हणून ती बाई रविवारी उपासनेस आलीच पाहिजे, अशी अट मनातही धरू नये. अट घातलेली दया ही सौदा होते. त्याने प्रभूच्या नावास बट्टा लागतो.

बाईंनी स्वतःविषयी एक गोष्ट मोकळेपणाने लिहून ठेविली आहे. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाल्यावर, १८९१ च्या सुमारास, त्यांस उमगले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण प्रत्यक्ष ख्रिस्ताची ओळख अद्याप व्हावयाची होती. तेव्हापासून त्यांच्या श्रद्धेस नवे बळ आले, आणि प्रार्थना हे त्यांच्या सर्व कामाचे मूळ झाले.

१८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. ही बातमी ऐकताच आपल्या बालपणाचा दुष्काळ बाईंस आठवला. त्या तेथे गेल्या. अन्नावाचून तडफडणाऱ्या आणि दुष्ट लोकांच्या हाती पडण्याच्या बेतात असलेल्या शेकडो मुली त्यांनी वाचवून आणिल्या. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली होती; पुण्यात प्लेग असल्याने तेथेच तंबू व झोपड्या उभारून या मुलींस ठेविले. हेच मुक्तिसदन. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तेथूनही मुली आल्या, आणि मुक्तीतील संख्या सुमारे २००० झाली. संकटात सापडलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले, म्हाताऱ्यांसाठी प्रीतिसदन निघाले, आंधळ्यांस बोटांनी वाचण्यास शिकविण्याची सोय झाली. नव्याने आलेल्या, उवांनी व खरजेने भरलेल्या मुलींस न्हाऊ घालणे, भरविणे, अक्षरे गिरविण्यास शिकविणे, हे काम आधी आलेल्या मुलींनी केले. काल जिला वाचविले तिने आज दुसरीस वाचवावे, अशी तेथील रीत होती. शेती, विणकाम, शिवण, तेलाची घाणी, छापखाना ही सर्व कामे बाया करीत.

सन १९०५ च्या जानेवारीत बाईंनी मुक्तीतील स्त्रियांपुढे एक गोष्ट मांडली. हिंदुस्थानातील ख्रिस्ती लोकांस नवे चैतन्य मिळावे म्हणून रोज एकत्र जमून प्रार्थना करावयास कोण तयार आहे, असे त्यांनी विचारले. सुमारे ७० जणी पुढे आल्या. आकडा वाढत वाढत जूनपर्यंत ५५० वर गेला. त्या दिवसातून दोनदा जमत. खेड्यापाड्यांत शुभवर्तमान सांगावयास कोण जाईल, असे बाईंनी विचारले तेव्हा ३० तरुणी उभ्या राहिल्या. जूनच्या अखेरीस मुक्तीत मोठी जागृती झाली. पापांची कबुली देणे, एकमेकींची क्षमा मागणे, रात्र रात्र प्रार्थना करणे असे प्रकार घडले, आणि त्याची वार्ता देशोदेशी गेली. परंतु आम्हांस त्याहून मोलाची गोष्ट ही वाटते की त्या प्रार्थनेला पाय फुटले. बायांच्या टोळ्या आसपासच्या गावी जाऊ लागल्या. त्या कोण होत्या? दुष्काळातून उचललेल्या, ज्यांस कोणी आपले म्हणत नव्हते अशा. मंडळीत ज्यांस आपण दुबळ्या समजतो, त्यांच्या हाती देवाने केवढे काम दिले!

आयुष्याची शेवटची वर्षे बाईंनी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरास दिली. त्यासाठी त्यांनी उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. संस्कृतात ज्यांची वाणी गंगेसारखी वाहत होती त्या विदुषीने भाषांतर मात्र साधे केले, कारण ते खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळावे, अशी त्यांची तळमळ होती. मुक्तीच्या छापखान्यात बायांनीच खिळे जुळविले आणि बायांनीच पाने छापिली. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई प्रभूजवळ गेल्या. संपूर्ण शास्त्राचे छापील पुस्तक १९२४ साली प्रसिद्ध झाले. केडगावचे मुक्तिमिशन आजही अनाथ मुली व निराधार स्त्रिया यांस आश्रय देत आहे.

आता आपल्या मंडळ्यांकडे वळू. पुणे-मुंबईसारख्या शहरांतील सभा आणि आमच्या पाड्यांवरील पाचसात बायांचा समाज यांत अंतर आहे खरे. आमच्या भगिनी आवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी लांब चालावे लागते. तानसा, भातसा, वैतरणा यांचे पाणी मुंबईस जाते, पण त्यांच्या कुशीतल्या कित्येक पाड्यांवर विहिरी आटलेल्या असतात. अशा बायांस सभेस वेळ कोठून, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, फिलिप्पै येथील पहिली मंडळी नदीकाठी जमलेल्या स्त्रियांतून निघाली, आणि लुदिया त्यांत होती. शोमरोनी स्त्रीस प्रभू विहिरीवरच भेटला. सभेस मंदिरच पाहिजे असे नाही. पाणवठ्यावर, आंब्याखाली, भट्टीवरच्या झोपडीपुढेही दोघी तिघी जमू शकतात.

मग तेथे काय करावे? जिला वाचता येते तिने न येणारीस रोज चार ओळी वाचावयास शिकवावे. लक्ष्मीबाईंनी आपल्या लेकीस तसेच शिकविले. प्रार्थना करावी, ती नाव घेऊन करावी: कोणाचे मूल आजारी आहे, कोणाचा नवरा दारूपायी घर बुडवितो आहे, कोणती सून मार खाते आहे. आणि प्रार्थना झाल्यावर उठून तिच्या घरी जावे. योप्पातील टबीथा मरण पावली तेव्हा विधवा रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले कपडे त्यांनी पेत्रास दाखविले. तिने किती सभा भरविल्या हे शास्त्रात लिहिलेले नाही. कपडे मात्र लिहिलेले आहेत.

उपदेशकांस व पंचांस आमची नम्र विनंती आहे. भगिनीसमाजाचा हिशेब मागताना केवळ वर्गणीची वही पाहू नये. गेल्या महिन्यात कोणत्या एकट्या बाईच्या घरी तुम्ही गेलात, हे आधी विचारावे. विधवा झाल्यापासून मंदिरात न येणारी, नवऱ्याने टाकलेली, अंगावर धड लुगडे नाही म्हणून मागे राहणारी, भट्टीवरून आजारी होऊन परतलेली अशी एखादी बहीण प्रत्येक गावी असते. समाजाच्या सर्व बाया नीट जमल्या, गाणी गाइली, चहा झाला, आणि ती मात्र घरीच राहिली, तर तो समाज भरला असे आम्ही म्हणणार नाही. पुरुषांनीही एवढे करावे की, सभेच्या त्या एका तासापुरती घरची भाकरी व मुले आपण सांभाळावी, आणि बायकांच्या सभेत काय बोलणे झाले म्हणून थट्टा करू नये.

रमाबाईंचे सर्व आप्त गेले होते. देवाने त्यांस दोन हजार मुलींची आई केले. त्यांच्याइतकी विद्या आमच्या कोणा भगिनीपाशी नसेल, आणि देव ती मागतही नाही. शेजारच्या पाड्यावरील एका बहिणीचे दार ठोठावणे मात्र प्रत्येकीच्या हाती आहे. येत्या सभेपूर्वी प्रत्येक समाजाने अशी एक बहीण शोधून काढावी आणि तिच्याकडे जावे. आमच्या सर्व भगिनींस ही सेवा करण्याची इच्छा व शक्ती प्रभू देवो. आमेन.